मोटारीतील मूळ ध्वनिसंच आणि त्याची सुधारणा

मोटारीत संगीत ऐकण्याची सोय प्रारंभी मोटारीबरोबर येत नसे. ती वेगळी विकत घेऊन बसवून घ्यावी लागे. शिकागो येथील गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसविता येईल असा रेडिओ विक्रीस आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे डॅशबोर्डमधील रेडिओच्या खाचेचे माप जर्मन मानकाने ठरविले गेले. सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशा या खाचेत कोणत्याही कंपनीचा संच बसू शके. त्यामुळे जुना संच काढून त्या जागी नवा बसविणे हे अगदी सोपे काम झाले. दिल्लीतील करोल बाग, चेन्नईतील जनरल पॅटर्स रोड, बंगळूरमधील जे. सी. रोड यांसारख्या बाजारांत हे काम करणारी दुकाने वाढली.

आजच्या अनेक मोटारींत हा मार्ग तितका सरळ राहिलेला नाही. मोटार मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र दाखविणे, स्टिअरिंगवरील बटणांच्या आज्ञा घेणे, पट्टा न लावल्याची सूचना वाजविणे, काही मोटारींत वातानुकूलनाचे नियंत्रण करणे ही सारी कामे आता मूळ संचाकडेच असतात. असा संच काढला की त्याबरोबर या सोयीही जाण्याचा संभव असतो. म्हणून मूळ संच कायम ठेवून आवाजाची प्रत सुधारता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ती निश्चितपणे सुधारता येते. मात्र दोष कोठे आहे हे ओळखून योग्य क्रमाने सुधारणा केली, तरच खर्चाचे सार्थक होते.

ध्वनीचा मार्ग

मूळ संचात प्रथम दुर्बल विद्युत् संकेत तयार होतो. विवर्धक, म्हणजे बाजारात ज्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात तो, या संकेताला बळ देतो. ते बळ तारांमधून स्पीकरकडे जाते. स्पीकरचा पडदा हवेला हालवितो, आणि दार व मोटारीचा अंतर्भाग यांच्या गुणदोषांसह तो ध्वनी कानापर्यंत पोहोचतो. या साखळीत संकेत निर्माण करणारे पहिले कडे बहुधा पुरेसे चांगले असते. काटकसर केली जाते ती मुख्यतः पुढच्या कड्यांत, म्हणजे कागदी पडद्याचे हलके स्पीकर, लहान चुंबक आणि पातळ पत्र्याचे पोकळ दार यांत. असे असताना सर्वप्रथम मोठा विवर्धक विकत घेणारा मनुष्य दाराची खडखड तेवढी अधिक जोराने ऐकतो.

स्पीकर आणि दार

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढील हवा दाबली जाते आणि मागील हवा विरळ होते. पुढची व मागची लहर अशा रीतीने परस्परविरुद्ध असते. या दोन लहरी एकत्र मिसळल्या, तर खालच्या कंप्रतांचे, म्हणजे ढोलक, तबल्याचा डग्गा किंवा मृदंग यांच्या भरदार नादाचे, मोठ्या प्रमाणात निरसन होते. घरातील स्पीकर बंद पेटीत बसवितात ते याच कारणासाठी. मोटारीत पेटीचे काम दाराला करावे लागते. पण दाराच्या आतील पत्र्याला मोठमोठी भोके असतात आणि त्यांवर पुष्कळदा केवळ प्लास्टिकचा पातळ कागद चिकटविलेला असतो.

म्हणून पहिली सुधारणा दाराचीच करावी. आतील पत्र्याची मोठी भोके टणक पत्र्याने किंवा जाड चादरीने बंद करावीत, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराची वजनदार चादर चिकटवावी आणि स्पीकर दारावर घट्ट कड्याने बसवावा. सैल तारा व सळ्या यांना फोमचे वेष्टन द्यावे. मात्र दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी असलेली छिद्रे कधीही बुजवू नयेत. ती बुजली तर पाणी दारात साचते आणि पत्रा गंजतो. या कामाला खर्च थोडा येतो, वेळ मात्र बराच लागतो. आणि जुन्याच स्पीकरचा आवाजही त्याने लक्षणीय सुधारतो.

यानंतर स्पीकर बदलावेत. निवड करताना खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटच्या आकड्यापेक्षा संवेदनशीलतेचा आकडा अधिक उपयोगी पडतो. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, हे तो सांगतो. ९० डेसिबेल संवेदनशीलतेचा स्पीकर २० वॅटवर जितका आवाज देतो, तितका देण्यास ८७ डेसिबेलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. मूळ संचाच्याच शक्तीवर चालवावयाचे स्पीकर म्हणून अधिक संवेदनशील असावेत. त्यांचा संरोध मूळ स्पीकरपेक्षा कमी नसावा. ४ ओहमच्या जागी २ ओहमचा स्पीकर लावल्यास मूळ विवर्धकावर दुप्पट प्रवाहाचा भार पडतो व तो तापून निकामी होऊ शकतो.

शक्तीचे गणित

अनेक संचांवर '५० वॅट गुणिले ४' असा मजकूर असतो. इंजिन चालू असताना मोटारीतील विद्युत् दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत असतो. संचातील नेहमीचा विवर्धक स्पीकरला यापेक्षा अधिक दाब देऊ शकत नाही. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ओहमने भागले की जवळजवळ ५२ वॅट येतात. ५० चा आकडा येथूनच निघतो. परंतु ही शक्ती संकेताची शिखरे पूर्णपणे कापली जाऊन त्याची लहर चौकोनी झाल्यावरची आहे, आणि त्या अवस्थेतील आवाज ऐकण्याजोगा नसतो. अविकृत लहरीसाठी हीच मर्यादा निम्मी, म्हणजे सुमारे २६ वॅट होते, आणि विवर्धकातील घट वजा जाता प्रत्यक्षात १८ ते २० वॅट मिळतात.

वेगळा विवर्धक ही मर्यादा ओलांडतो, कारण बॅटरीचा दाब वाढविणारे परिपथ त्याच्या पोटातच असते. तरीही अपेक्षा माफक ठेवावी. शक्ती दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो. २० वॅटवरून १०० वॅटवर गेल्यास वाढ ७ डेसिबेलची होते; आवाज दुप्पट मोठा भासण्यास साधारणतः १० डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ती लागते. वेगळ्या विवर्धकाचा खरा लाभ असा, की संगीतातील क्षणिक शिखरे न कापता पार होतात. त्यामुळे मोठा आवाजही कर्कश वाटत नाही.

मूळ संचातून संकेत घेणे

मूळ संचाला बहुधा विवर्धकासाठी वेगळे टोक नसते, म्हणून संकेत स्पीकरच्याच तारांवरून घ्यावा लागतो. ४ ओहमवर २० वॅट म्हणजे या तारांवर सुमारे ९ व्होल्टचा संकेत असतो. काही विवर्धक तो थेट स्वीकारतात; इतरांसाठी तो कमी करणारे लहान साधन मध्ये बसवितात. संचाच्या स्पीकरसाठीच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे ६ ते ७ व्होल्टचा स्थिर दाब असतो. त्यांपैकी कोणतीही तार मोटारीच्या पत्र्याला जोडल्यास संच जळण्याचा धोका असतो. हाच स्थिर दाब ओळखून अनेक विवर्धक आपोआप चालू व बंद होतात, आणि त्यासाठी निराळी तार ओढावी लागत नाही.

येथे एक अडचण लपलेली असते. पुष्कळ उत्पादक मूळ स्पीकरचे दोष झाकण्यासाठी संकेतातच फेरफार करून ठेवतात. आवाज वाढविला की खालच्या कंप्रता आपोआप कमी केल्या जातात, जेणेकरून लहान स्पीकरचा पडदा फाटू नये. उत्तम स्पीकर आणि विवर्धक बसवूनही आवाज वाढविताच भरदारपणा नाहीसा होतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून खरेदीपूर्वी परीक्षा करावी. सर्व कंप्रता ठरावीक प्रमाणात असलेला परीक्षणध्वनी संचावर वाजवून त्याचे मापन प्रथम मंद व नंतर मोठ्या आवाजावर करावे. दोन आलेखांचा आकार सारखा असेल, तर साधा जोड पुरेसा आहे. तो बदलत असेल, तर संकेत दुरुस्त करणारे अंकीय संस्कारक यंत्र लागते. संस्कारकाने कायमचा फेरफार पुष्कळ अंशी उलटविता येतो. आवाजाच्या पातळीबरोबर बदलणारा फेरफार दूर करणे अधिक कठीण असते. त्यासाठी संचाची पातळी एका ठिकाणी कायम ठेवून आवाजाचे नियंत्रण संस्कारकाकडे सोपविणे हा एक उपाय आहे. ज्या मोटारींत संकेत अंकीय जाळ्यातून जातो, तेथे त्या मोटारीसाठीच बनविलेले जोडसाधन घ्यावे लागते.

विवर्धकावरील 'गेन' नावाचा खटका म्हणजे आवाज वाढविण्याचे बटण नव्हे. मूळ संच विकृती न येता जितका आवाज देतो, त्या पातळीशी विवर्धकाचा मेळ घालणे एवढेच त्याचे काम. तो कमाल टोकाला फिरविण्याने शक्ती वाढत नाही. केवळ लहरी लवकर कापल्या जातात आणि सतत कापलेल्या लहरींची अतिरिक्त शक्ती स्पीकरचे वेटोळे जाळू शकते.

तारा आणि सुरक्षितता

या कामातील सर्वांत गंभीर धोका आगीचा आहे. चार स्पीकरांना प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे एकूण २०० वॅट देणारा विवर्धक ६० टक्के कार्यक्षमतेचा असेल, तर पूर्ण शक्तीवर तो बॅटरीकडून सुमारे २४ अँपिअर प्रवाह ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची तार ५ मीटर लांब आणि २.५ चौरस मिलिमीटर छेदाची असेल, तर तिच्यात सुमारे ०.८ व्होल्ट दाब वाया जातो आणि २० वॅट उष्णता निर्माण होते. तीच तांब्याची तार ८ चौरस मिलिमीटरची घेतल्यास दाबाची घट पाव व्होल्टच्या आसपास येते.

फ्यूज बॅटरीजवळच, शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत असावा. फ्यूज रक्षण करतो ते तारेचे. तो विवर्धकाजवळ लावला, तर मधली सारी तार असुरक्षित राहते. इंजिनामागील पत्र्यातून तार नेताना भोकाला रबरी कडे बसवावे. अन्यथा पत्र्याची धार कंपनांमुळे आवरण कापते आणि बॅटरीचा संपूर्ण प्रवाह पत्र्यात उतरतो. ऋण टोकाची तार आखूड ठेवून रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला घट्ट बसवावी. हा जोड सैल राहिल्यास इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. मोटारीच्या मूळ तारा कापण्याऐवजी त्या मोटारीच्या जोडणीला जुळणारे तयार जोड वापरावेत. त्यामुळे मोटार पूर्ववत करता येते आणि उत्पादकाच्या हमीविषयी वादाला जागा कमी राहते.

खालच्या कंप्रता आणि मोटारीचा अंतर्भाग

४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटरहून अधिक असते. एवढी लहर मोटारीत मावत नाही. तथापि, जेव्हा अर्धी तरंगलांबी अंतर्भागाच्या लांबीहून मोठी होते, तेव्हा स्पीकर बंद जागेतील सगळी हवाच एकदम दाबू लागतो आणि खालचे स्वर उलट बळावतात. अडीच मीटर लांबीच्या अंतर्भागात ही मर्यादा ७० हर्ट्झच्या आसपास येते. यामुळेच घरात अपुरा वाटणारा लहान सबवूफर मोटारीत पुरेसा ठरतो. धावत्या मोटारीत चाके व रस्ता यांचा गोंगाट प्रामुख्याने याच कंप्रतांत असतो आणि तो संगीतातील खालचे स्वर झाकतो. म्हणून आसनाखाली किंवा डिकीत बसविलेला एक लहान, बंद पेटीतील सबवूफर मूळ संचाला मोठा आधार देतो. दारातील स्पीकरांवरील खालच्या स्वरांचा भार उतरल्याने तेही अधिक स्वच्छ वाजतात.

सुधारणेचा क्रम

यावरून खर्चाचा क्रम ठरतो: प्रथम दार, मग पुढील दोन स्पीकर, त्यानंतर संकेताची परीक्षा, मग विवर्धक व सबवूफर, आणि गरज असेल तरच संस्कारक. प्रत्येक टप्प्यानंतर काही दिवस ऐकून पाहावे. अनेक श्रोत्यांना दुसऱ्या टप्प्यापुढे जाण्याची आवश्यकता भासत नाही, आणि मागच्या आसनांवर क्वचितच कोणी बसत असेल, तर तेथील स्पीकर बदलण्याचेही कारण उरत नाही.

शक्ती हाती आली म्हणजे तिच्या वापराचा विवेकही हवा. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठी ८ तासांपर्यंत मर्यादित असावा, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी व्हावी. या हिशेबाने १०० डेसिबेलला केवळ १५ मिनिटे उरतात. कानातील संवेदनक्षम पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू आलाच पाहिजे. चांगल्या ध्वनिसंचाची परीक्षा म्हणूनच मंद आवाजात करावी. गायकाचे शब्द स्पष्ट कळतात, डग्ग्याचा नाद दाराला न हालविता ऐकू येतो आणि तासाभराच्या प्रवासानंतरही कान थकत नाहीत, असा अनुभव आला, तर डॅशबोर्डवरील मूळ संच जागचा न हालविताही सुधारणा पूर्ण झाली असे समजावे.