रद्दीच्या लगद्याची टोपली : एक हस्तव्यवसायपाठ

(इयत्ता चौथी व पाचवी)

‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाने वस्तू करविण्याची प्रथा आपल्या शाळांतून रुळली आहे. परंतु कित्येकदा या वस्तूंसाठी चकचकीत कागद, टिकल्या व डिंकाच्या बाटल्या नव्याने विकत आणविल्या जातात आणि प्रदर्शन संपताच सर्व उकिरड्यावर जाते. अशाने कचरा कमी न होता वाढतो. शिवाय ज्या पालकास दहा रुपयेही जड जातात, त्याच्या मुलास चारचौघांत मान खाली घालावी लागते. म्हणून मुलांना काहीही विकत आणावे न लागता होणारा एक पाठ येथे देत आहोत.

पूर्वपीठिका.— विरलेल्या सुपांस व टोपल्यांस कागदाचा लगदा आणि वाटलेल्या मेथ्या यांचा लेप देऊन त्या पुन्हा वापरात आणण्याची रीत खेडोपाडी चालत आलेली आहे. जव्हार-मोखाडा भागातील बोहाडा उत्सवाचे मुखवटेही लगद्यापासून घडविले जातात. ही कला जाणणारी आजीबाई गावात असल्यास तिला या पाठासाठी सन्मानपूर्वक पाचारण करावे.

साहित्य.— लिहून संपलेल्या वह्या, जुनी वर्तमानपत्रे, बादली, पालथे घालावयाचे पातेले, जुने सुती फडके. मूठभर मेथ्या शिक्षकांनी आणाव्यात.

कृती.— (१) वह्यांच्या तारा शिक्षकांनी स्वतः काढाव्यात. मुलांनी कागदाचे बारीक तुकडे करून ते पाण्यात भिजत घालावेत व रोज पाणी बदलावे.

(२) दोन-तीन दिवसांनी कागद कुटून मऊ लगदा करावा. रात्रभर भिजविलेल्या मेथ्या वाटून त्यात मळाव्यात. मेथ्यांच्या चिकटपणाने लगदा सांधला जातो.

(३) पालथ्या पातेल्यावर ओले फडके पसरून त्यावर बोटाच्या जाडीचा थर सारखा थापावा. तो प्रथम सावलीत, मग उन्हात वाळवावा. पावसाळ्यात हा पाठ घेऊ नये. लगद्यास बुरशी येते.

(४) टोपली सुटून आल्यावर आतील बाजूही वाळू द्यावी. नंतर गेरू, कोळशाची पूड व खडूची पूड यांनी मुलांनी आपल्या मनाची नक्षी काढावी. फळ्यावर नमुना काढून देण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा.

चर्चा.— कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असतो. पाण्यात हे तंतू सुटे होतात व वाळताना पुन्हा एकमेकांस धरतात. बिस्किटांच्या पुड्याचे चकचकीत वेष्टन मुद्दाम एका वाटीत भिजवून ठेवावे. त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असल्याने त्याचा लगदा होत नाही, हे मुलांनी स्वतः पाहावे. कोणता कचरा पुन्हा उपयोगी पडतो व कोणता पडत नाही, हा विवेक या एका वाटीतून जितका उमजेल तितका पाठांतराने उमजणार नाही.

उपयोग.— टोपल्यांत चिंचोके, खडू, मणी ठेवावेत. त्यांस पाणी लागू देऊ नये. छापील शाईमुळे खाद्यपदार्थही ठेवू नयेत.

मूल्यमापन.— टोपली किती सुबक झाली यावर गुण देऊ नयेत. एक महिन्याने दोनच गोष्टी पाहाव्यात : तिच्यासाठी मुलास काही विकत आणावे लागले काय, आणि ती आजही वापरात आहे काय. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ व दुसऱ्याचे ‘होय’ असे आल्यास पाठ सफल झाला असे समजावे.