वीर बाबुराव शेडमाके

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना वाटेत शहापूर हे गाव लागते. तेथून पुढे भंडाऱ्यास पोचावे, तो वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र दृष्टीस पडते. तळ्यांच्या आणि धानाच्या या प्रदेशातून वैनगंगा दक्षिणेकडे वाहत जाते. पुढे घनदाट अरण्यात वर्धा नदी तिला मिळते आणि दोहींच्या एकत्र प्रवाहास प्राणहिता असे नाव पडते. याच प्राणहितेच्या खोऱ्यात, अहेरीच्या रानात, एका तरुण वीराने इंग्रजी सत्तेला आव्हान दिले. त्याचे नाव बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी एका गोंड जमीनदार कुळात झाला. मोलमपल्लीची जमीनदारी त्यांच्या घराण्याकडे होती. हा भाग आज गडचिरोली जिल्ह्यात येतो. त्या काळी तो चांदा जिल्ह्यात होता. बाबुरावांचे बालपण अरण्यातच गेले. कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असते, कोणत्या डोंगराला चोरवाट आहे, हे त्यांना तळहातावरील रेषांसारखे ठाऊक होते. पुढे हेच ज्ञान त्यांच्या उपयोगी पडले.

भंडाऱ्यापासून चांद्यापर्यंतचा मुलूख त्या वेळी नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले मरण पावले. त्यांना पुत्र नव्हता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने दत्तकाचा हक्क नाकारला आणि १८५४ साली ते राज्य खालसा करून कंपनी सरकारच्या राज्यास जोडले. राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि जडजवाहीर यांचा लिलाव झाला. ज्या राजाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुजरा केला, त्याच्या घरातील वस्तू परक्यांनी बाजारात मांडाव्यात, हे पाहून लोकांची मने पोळली.

१८५७च्या मे महिन्यात मीरतेस उठावाची ठिणगी पडली. जूनमध्ये नागपूरच्या घोडदळातही बंडाचा बेत शिजला; परंतु तो वेळीच फुटला आणि फसला. नागपूर शांत झाले; बाबुराव मात्र शांत बसले नाहीत. वास्तविक त्यांना काय उणे होते? घर होते, गावे होती, मान होता. मुकाट्याने इंग्रजांचा सारा भरीत राहिले असते, तर ते सारे त्यांच्यापाशी सुखाने राहिले असते. परंतु परक्याच्या मर्जीने मिळणारे सुख त्यांना नको होते. त्यांनी गोंड तरुण जमविले, रोहिले शिपाई हाताशी धरले आणि जंगोम सेना उभारली.

मार्च १८५८ मध्ये या सेनेने राजगड परगण्यावर चाल करून तो ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही बाबुरावांना येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने त्यांच्यावर फौज धाडली. नांदगाव-घोसरीजवळ दोन्ही दळांची गाठ पडली. त्यानंतर डोंगरांच्या आश्रयाने झुंज चालू राहिली. इंग्रजांपाशी कवायती सैन्य होते, बाबुरावांपाशी रान होते. एकदम छापा घालावा आणि शत्रू सावरण्यापूर्वी झाडीत नाहीसे व्हावे, अशी त्यांची युद्धाची रीत होती. म्हणूनच पुढे लोककथांत त्यांच्या अंगी दैवी शक्ती असल्याचे वर्णन आले. त्यांची खरी शक्ती अरण्याच्या ओळखीत आणि साथीदारांच्या निष्ठेत होती.

प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे इंग्रजांच्या तारखात्याची छावणी पडली होती. तारायंत्र तेव्हा नवे होते. घोडेस्वाराला जो निरोप पोचविण्यास कित्येक दिवस लागत, तो तारेने अल्पावधीत जाई. ठिकठिकाणचे उठाव मोडण्यास इंग्रजांना या तारेचे फार साहाय्य झाले. २९ एप्रिल १८५८ रोजी बाबुरावांच्या सेनेने या छावणीवर छापा घातला. गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे दोन गोरे नोकर त्यात मारले गेले. पीटर नावाचा तिसरा मनुष्य निसटला आणि त्याने ही वार्ता क्रिक्टनच्या कानी घातली.

आता क्रिक्टनने दुसरा मार्ग धरला. फौजेला जे साधले नाही, ते भेदाने साधावयाचे त्याने ठरविले. अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर त्याने दडपण आणले. बाबुरावांना धरून देण्यावाचून जमीनदारी राखण्याचा दुसरा उपाय त्यांना दिसेना. बाबुराव एकदा पकडले जाऊनही निसटले होते; परंतु १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पकडले आणि चांद्यास इंग्रजांच्या हवाली केले. तोफाबंदुकांपुढे न नमलेला वीर स्वकीयांच्या हातून शत्रूच्या हाती गेला.

चांद्यात बाबुरावांवर खटला चालला. त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी ती अमलात आली. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरच्या रानात निघून गेले. १८६० साली तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांची अडपल्ली व घोटची जमीनदारी सरकारने जप्त केली आणि तिच्यातील सदुसष्ट गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून दिली.

बाबुरावांच्या मृत्यूनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनी सरकारचा कारभार संपला. देश मात्र पारतंत्र्यातच राहिला. तो स्वतंत्र होण्यास पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली. त्या दीर्घ काळात ज्या असंख्य वीरांनी प्राण वेचले, त्यांत अरण्यातील या तरुणाचे स्थान मानाचे आहे.

चांद्याला आज चंद्रपूर म्हणतात. तेथील तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडापाशी प्रतिवर्षी २१ ऑक्टोबरला लोक जमतात आणि बाबुरावांना वंदन करतात. बक्षीस मिळालेल्या जमीनदाऱ्या स्वातंत्र्यानंतर कायद्याने संपुष्टात आल्या. ज्याने आपली जमीनदारी आणि आपले प्राण दोन्ही पणाला लावले, त्याचे नाव मात्र प्राणहितेच्या खोऱ्यात अजून घेतले जाते.

अभ्यास

१. नागपूरचे राज्य इंग्रजांनी कोणत्या कारणाने खालसा केले?
२. बाबुरावांची युद्धाची रीत कशी होती? ती त्यांना का साधली?
३. तारखात्याच्या छावणीवरील छाप्यामागे कोणता हेतू असावा, असे तुम्हांस वाटते?
४. बाबुराव आणि लक्ष्मीबाई या दोघांपुढेही जमीनदारी राखण्याचा प्रश्न होता. प्रत्येकाने काय निवडले, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : आव्हान देणे, पणाला लावणे, हवाली करणे.