हिंदी भाषकांच्या मराठीतील गतिवाचक रचना : नाशिकच्या द्वारका परिसरातील व्यवहारभाषेच्या संदर्भात

कोणी कोठून निघाले, कोणत्या वाटेने गेले आणि कोठे पोहोचले हे सांगणे ही कोणत्याही भाषेतील प्राथमिक गरज होय. मात्र प्रत्येक भाषा ती निराळ्या साधनांनी भागवते. परभाषा शिकणाऱ्याच्या बोलण्यात हे निराळेपण विशेष स्पष्टपणे प्रकट होते. नाशिक शहरातील द्वारका हा मुंबई-आग्रा महामार्ग व नाशिक-पुणे रस्ता यांच्या संगमावरील चौक. मालवाहतूक, रिक्षा, गॅरेज, फळांच्या हातगाड्या अशा व्यवसायांच्या निमित्ताने उत्तर भारतातून आलेली मंडळी येथे मराठी शिकतात ती वर्गात नव्हे, तर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. त्यांच्या मराठीतील गतिवाचक रचनांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पुढील उदाहरणे नमुन्यादाखल आहेत. त्यांवरून संख्यात्मक निष्कर्ष काढण्याचा हेतू नाही.

लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये गतीच्या अभिव्यक्तीवरून भाषांचे जे वर्गीकरण मांडले, त्यातील मुख्य प्रश्न असा की, गतीचा मार्ग वाक्यात कोठे व्यक्त होतो? काही भाषांत तो मुख्य क्रियापदातच असतो. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे ही मराठी क्रियापदे या प्रकारची. इतर काही भाषांत क्रियापद गतीची रीत सांगते आणि मार्ग उपसर्गाने वा अव्ययाने दाखविला जातो. चेक ही या दुसऱ्या वर्गातील भाषा. चिनी भाषेत रीत, मार्ग आणि दिशा दाखविणारी क्रियापदे एकामागोमाग येतात. अशा भाषांसाठी डॅन स्लोबिन यांनी पुढे तिसरा वर्ग सुचविला. चेक शिकणाऱ्या चिनी भाषकाला पायी जाणे व वाहनाने जाणे, एका दिशेने जाणे व वारंवार ये-जा करणे यांसाठी निरनिराळी क्रियापदे निवडावी लागतात. हा भेद त्याला पावलोपावली अडवितो, आणि म्हणूनच तो त्याच्या लक्षातही येतो.

हिंदी भाषकाची स्थिती याच्या उलट आहे. हिंदी व मराठी या दोन्ही भाषा पहिल्या वर्गातील. 'दौड़कर अंदर गया' आणि 'धावत आत गेला' यांची घडण जवळजवळ एकच. वर्गीकरणाच्या दृष्टीने पाहता येथे अडचण उद्भवू नये. तरीही ती उद्भवते. आणि या निकटतेमुळेच ती दृष्टीआड राहते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

१. उगम आणि मार्ग

हिंदीतील 'से' हा एकच शब्द उगम, मार्ग, साधन आणि अंतराचा आरंभबिंदू दाखवितो. मराठीत या प्रत्येकासाठी स्वतंत्र सोय आहे. 'द्वारकेहून निघालो' यात उगम आहे, 'द्वारकेवरून गेलो' यात वाटेतले ठिकाण, 'द्वारकेपासून दोन किलोमीटर' यात मोजणीचा आरंभ, तर 'या रस्त्याने गेलो' व 'बसने गेलो' यांत अनुक्रमे मार्ग व साधन. याशिवाय 'घरून निघालो' आणि 'घरातून निघालो' यांतील सूक्ष्म भेद आहेच. पहिल्यात घर हे मुक्कामाचे ठिकाण आहे, दुसऱ्यात चार भिंतींची वास्तू.

शिकणारा बहुधा 'से' च्या जागी 'पासून' हा एकच पर्याय योजतो : 'मी नाशिकपासून आलो', 'या रस्त्यापासून जा'. 'द्वारका होकर' चे 'द्वारका होऊन' असे शब्दशः रूपही होते. 'बस द्वारकापासून जाते' असे उत्तर मिळालेला प्रवासी बस तेथून सुटते असे समजेल. सांगणाऱ्याच्या मनात मात्र ती तेथून पुढे जाते एवढेच असते. अशा ठिकाणी चूक केवळ व्याकरणाची राहत नाही, अर्थाची होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सामान्यरूप न करता 'द्वारकावरून' म्हणणारे मराठी भाषकही आढळतात. मूळ भाषकाला जी मुभा आहे ती शिकणाऱ्याच्या बाबतीत दोष ठरविणे न्याय्य नव्हे.

२. गंतव्य

हिंदीत 'घर जाना', 'बाज़ार जाना', 'गाँव जाना' येथे गंतव्याला प्रत्यय लागत नाही. मराठीत घरी जातो, बाजारात जातो, गावाला जातो, स्टेशनवर जातो, डॉक्टरांकडे जातो असे पाच प्रकार सहज सापडतात. 'मी बाजार जातो' ही चूक ऐकणाऱ्याला तत्काळ जाणवते, पण अर्थ कळत असल्याने कोणी सुधारीत नाही. 'डॉक्टरच्या जवळ गेलो' ही चूक अधिक फसवी. हिंदीतील 'के पास' मध्ये 'जवळ' आणि 'कडे' हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. मराठीने ते वेगळे राखले आहेत.

३. सारखी दिसणारी क्रियापदे

हिंदी 'चलना' मध्ये निघण्याचा व सोबत जाण्याचा अर्थ प्रमुख आहे. मराठी 'चालणे' प्राधान्याने पायांची गती दाखविते. म्हणून 'मी स्टेशनला चालतो' याचा अर्थ मराठी श्रोता 'पायी जातो' असा घेतो. गंमत अशी की 'मी चाललो' हे रूप निघण्याच्या अर्थाने शुद्ध मराठी आहे. शिकणारा एका रूपात बरोबर आणि दुसऱ्या रूपात चूक ठरतो. त्याचे कारण त्याला कोणी सांगत नाही. निरोपाचे 'येतो' हाही असाच प्रकार. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो, कारण निरोप घेताना 'जातो' म्हणणे मराठी घरात अशुभ मानले जाते. येथे दिशेपेक्षा संकेत प्रबळ आहे.

४. नेणे, आणणे आणि क्रियापदाचे रूप

हिंदीत 'मैं किताब लाया' येथे भूतकाळातही क्रियापद कर्त्यानुसार चालते, कारण 'लाना' सकर्मक असूनही 'ने' घेत नाही. मराठीत मात्र 'मी पुस्तक आणले' असे कर्मानुसारी रूप लागते. त्यामुळे 'मी पुस्तक आणलो' ही रचना निष्काळजीपणाची नसून नियमबद्ध आहे. शिवाय येथे येणाऱ्यांपैकी अनेकांची घरची भाषा भोजपुरी वा अवधी असते, आणि त्या बोलींत 'ने' ची ही रचनाच नाही. तेव्हा या चुकीला दुहेरी आधार मिळतो. 'मी घेऊन गेलो' मात्र त्याला अचूक साधते, कारण तेथे मराठीही कर्त्यानुसार चालते. 'मी गेला' या चुकीचे मूळ वेगळे : हिंदी भूतकाळी रूपात लिंग व वचन दिसते, पुरुष दिसत नाही, मराठीत 'गेलो, गेलास, गेला' असा पुरुषभेदही आहे.

समारोप

पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये शिकणाऱ्याच्या चुकांना अभ्यासविषयाचे स्थान दिले, आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा बोलण्याला स्वतःची व्यवस्था असलेली आंतरभाषा मानले. द्वारकेची मराठी या दृष्टीने पाहिल्यास विनोदाचा विषय राहत नाही. मराठी माणसाच्या हिंदीतील 'मैं गाँव को जाता हूँ' हे वाक्यही 'गावाला' मधील 'ला' ची छाया घेऊनच येते, याचा विसर पडू नये.

या विचाराचे शैक्षणिक महत्त्व २०२० च्या अधिनियमानंतर वाढले आहे. त्यान्वये राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, आणि याच कष्टकऱ्यांची मुले आज मराठीच्या तासाला बसतात. विभक्तीच्या परंपरागत तक्त्यात पंचमीचे 'ऊन, हून' आणि सप्तमीचे 'त, ई, आ' पाठ होतात. पण 'वरून' केव्हा, 'पासून' केव्हा, हे त्यातून कळत नाही. हा तक्ता रूपाकडून अर्थाकडे जातो. शिकणाऱ्याला अर्थाकडून रूपाकडे यावयाचे असते. उगम, मार्ग व गंतव्य या क्रमाने, मुलाच्या रोजच्या वाटेवरील ठिकाणे घेऊन धडा रचल्यास हे अंतर कमी करता येईल. तसेच उत्तरपत्रिकेतील 'आणलो' वर केवळ लाल रेघ न ओढता त्यामागील नियम ओळखणे, ही शिक्षकाची जबाबदारी ठरते. त्यासाठी मराठीच्या शिक्षकाला हिंदीचे व्याकरण आणि विद्यार्थ्याच्या घरातील बोलीची तोंडओळख असणे अगत्याचे आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात या तौलनिक व्याकरणाला स्थान मिळावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.