वाचनयंत्राची निवड

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. रात्री कादंबऱ्या वाचतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे जुने ग्रंथही पीडीएफ स्वरूपात जमविले आहेत. कोणते ई-रीडर घ्यावे?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : यंत्रांचे गुणावगुण तोलण्यापूर्वी आपल्या वाचनाची फेरिस्त करावी, हे उत्तम. ई-शाईच्या पडद्याला वीज मुख्यत्वे पान उलटतानाच लागत असल्याने यंत्र एकदा चार्ज केले की अनेक दिवस चालते, आणि भर उन्हातही अक्षरे सुस्पष्ट दिसतात. हा गुण सर्वच ई-रीडरांत समान आहे. भेद पडतो तो आकारात व मुभेत. केवळ कादंबऱ्यांचा प्रश्न असता, तर २०१६ पासून मराठी पुस्तके पुरविणारे सहा इंची साधे किंडल निःसंशय पुरेसे होते, कारण ई-पुस्तकातील अक्षर वाढविले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. परंतु स्कॅन केलेल्या ग्रंथाचे प्रत्येक पान म्हणजे एक छायाचित्र; ते लहान पडद्यावर मोठे केले, तर ओळीगणिक पान सरकवीत बसावे लागते. शिवाय बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळाची ई-पुस्तके त्याच्याच ॲपमध्ये वाचावी लागतात, आणि ते ॲप किंडलवर चालत नाही.

तेव्हा ऐपत असल्यास दहा इंची, अँड्रॉइडवर चालणारे ओनिक्स बूक्ससारखे यंत्र घ्यावे. नसल्यास कादंबऱ्यांसाठी साधे किंडल घेऊन स्कॅन केलेले ग्रंथ संगणकावरच वाचावेत. मात्र खरेदीपूर्वी आपल्याच संग्रहातील एक पीडीएफ त्या पडद्यावर अवश्य उघडून पाहावी.