लहान एंजिनांची विश्वसनीयता

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहमार्गाच्या लगत, कडकोळ हे गाव आहे. गावाजवळ औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या पलीकडे शेते व बागा पसरलेल्या आहेत. कारखान्याच्या आवारातील हिरवळ कापणारे यंत्र आणि नारळीच्या बागेत माणसाच्या पाठीवरून चालणारे तणकापणी यंत्र ही दोन्ही एकाच सिलिंडरच्या लहानशा पेट्रोल एंजिनावर चालतात. म्हैसूरच्या परिसरात पावसाचा जोर मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा एकदा वाढतो. त्यामुळे तणही वर्षातून दोनदा माजते. नेमक्या त्या आठ-पंधरा दिवसांत यंत्र बंद पडले, तर कारखान्याच्या हिरवळीचे फारसे बिघडत नाही. परंतु ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे, त्या बागाईतदाराला मजूर शोधावे लागतात आणि यंत्राच्या किमतीचा मोठा भाग मजुरीतच जातो. म्हणून ‘कोणते एंजिन अधिक भरवशाचे?’ हा त्याचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो.

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. अभियांत्रिकीत विश्वसनीयता याचा अर्थ असा: ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळपर्यंत, नेमून दिलेले काम न बिघडता पार पाडण्याची संभाव्यता. यांतील परिस्थिती आणि काळ हे दोन शब्द गाळले की उरते ती निव्वळ कीर्ती. आणि एंजिनाची कीर्ती ही बहुधा त्याच्या विक्रेत्याने किंवा नशीबवान मालकाने पसरवलेली असते.

हिरवळ कापण्याचे यंत्र प्रथम इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने १८३० मध्ये बनवले. ते माणसाने ढकलायचे होते. पेट्रोल एंजिनावर चालणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी आली, परंतु ती जड आणि महाग होती. सामान्य घरापर्यंत एंजिन पोहोचले ते वजन घटल्यावर. अमेरिकेतील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीने १९५३ मध्ये ओतीव ॲल्युमिनियमचे हलके एंजिन बाजारात आणले. हलकेपणाची किंमत मात्र कोठेतरी द्यावी लागतेच. ॲल्युमिनियम बिडापेक्षा मऊ असते. म्हणून अधिक काम अपेक्षित असलेल्या एंजिनांत सिलिंडरच्या आत बिडाचे अस्तर बसवतात. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन एंजिनांच्या किमतींतील तफावत पुष्कळदा या न दिसणाऱ्या अस्तरात असते.

दुसरा मोठा भेद धावांचा. दोन धावांच्या एंजिनात झडपा नसतात, तेलाची वेगळी टाकी नसते, हलणारे भाग थोडे असतात. ते वाकडे धरले तरी चालते. म्हणूनच पाठीवरच्या यंत्रासाठी ते सोयीचे ठरले. त्याचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. प्रमाण पन्नासास एक असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर तेल, पंचवीसास एक असेल तर ४० मिलिलिटर. चार धावांच्या एंजिनात तेल खालच्या पात्रात राहते आणि फिरणाऱ्या भागांवर उडत असते. मिश्रणाची कटकट नाही, धूर कमी, इंधनही कमी लागते. परंतु तेलाची पातळी खाली गेली, किंवा तीव्र उतारावर यंत्र बराच वेळ कलते राहिले, तर वंगण पोहोचत नाही आणि काही मिनिटांत एंजिन जाम होते.

भागांची संख्या कमी म्हणजे विश्वसनीयता अधिक, हे तत्त्व म्हणून खरे. परंतु येथे ते निम्मेच लागू पडते. हिरवळ कापणारे चार धावांचे एंजिन साधारणपणे मिनिटाला ३,००० ते ३,६०० फेरे घेते. हातात धरायच्या यंत्रातील दोन धावांचे एंजिन ८,००० फेरेही सहज घेते. पहिल्याचे एका तासात १,८०,००० फेरे होतात, दुसऱ्याचे ४,८०,०००. तेव्हा तास मोजून केलेली तुलना दुसऱ्यावर अन्याय करते आणि फेरे मोजून केलेली तुलना मालकाच्या उपयोगाची नसते, कारण त्याला गवत तासांत कापायचे असते. जुन्या पाणउपसा डिझेल एंजिनांच्या दीर्घायुष्याचे कोडेही येथेच सुटते. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांनी चालणारी, जाड बिडाची ती एंजिने टिकली याचे नवल नाही. ती पाठीवर घेता येत नव्हती इतकेच.

म्हैसूरपुरती एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जावा आणि पुढे येझ्दी या दोन धावांच्या मोटारसायकली याच शहरात तयार होत होत्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. ज्या गावात असे एंजिन उघडून बसवणारे हात सहज सापडतात, तेथे दोन धावांचे यंत्र बिघडले तरी संध्याकाळी पुन्हा सुरू होऊ शकते. यंत्र किती वेळा बिघडते याबरोबरच ते किती वेळ बंद राहते, हेही मोजले पाहिजे. पहिल्याला विश्वसनीयता म्हणतात, दोन्ही मिळून उपलब्धता ठरते. सुटा भाग मिळण्यास तीन आठवडे लावणारे उत्तम एंजिन, दर महिन्याला तासाभराची दुरुस्ती मागणाऱ्या साध्या एंजिनापेक्षा हंगामात निरुपयोगी ठरू शकते.

आता मोजणीकडे वळू. एक कल्पित उदाहरण घेऊ. एकाच जातीची पाच यंत्रे वापरात आहेत. तीन यंत्रे अनुक्रमे ६०, १२० आणि १८० तासांनी प्रथम बिघडली. उरलेली दोन ३०० तास चालून अद्याप धड आहेत. बिघडलेल्यांची सरासरी काढली तर १२० तास येतात, आणि बहुतेक लोक हाच आकडा सांगतात. परंतु न बिघडलेल्या यंत्रांनी केलेले काम असे पुसून टाकता येत नाही. पाचही यंत्रांचे मिळून ९६० तास झाले, बिघाड तीन. म्हणजे दर ३२० तासांस एक. आता दुसऱ्या जातीची पाच यंत्रे पाहू. ती नवी आहेत, प्रत्येक ४० तास चालली आहे, बिघाड एकही नाही. ती श्रेष्ठ ठरली काय? मुळीच नाही. त्यांचे एकूण तास २०० भरतात. पहिल्या जातीचाच बिघाडाचा दर धरला, तरी इतक्या तासांत एकही बिघाड न होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक येते. नवे यंत्र घेऊन पहिल्या वर्षी त्याची स्तुती करणाऱ्या शेजाऱ्याच्या साक्षीचे मोल एवढेच.

शिवाय बिघाडाचा दर आयुष्यभर सारखा नसतो. स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल याने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे या विषयात एक उपयुक्त गणिती साधन रूढ झाले. आरंभी जुळणीतील दोष उघडे पडतात, मधला काळ शांततेचा, आणि शेवटी झीज डोके वर काढते. पहिल्या काही तासांनंतर तेल बदलण्याची सूचना पुस्तिकेत असते ती याचसाठी: नवे भाग एकमेकांवर घासून धातूचे बारीक कण तेलात उतरलेले असतात. ही सूचना जितकी छापली जाते, तितकी पाळली जात नाही.

प्रत्यक्षात लहान एंजिने बहुधा धातू मोडल्यामुळे बंद पडत नाहीत. ती पडतात शिळ्या पेट्रोलमुळे आणि धुळीमुळे. पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये साचून राहिले की त्यातील हलका भाग उडून जातो आणि चिकट राळेसारखा थर बारीक छिद्रे बुजवतो. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते; भारतात पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले, तेव्हापासून दोन हंगामांच्या मधे टाकी भरलेली ठेवणे अधिकच महागात पडते. धुळीचे काम हळू चालते. म्हैसूरकडील तांबड्या जमिनीची वाळूमिश्रित धूळ फाटक्या गाळणीतून आत शिरली की तेलाशी मिळून घासकागदासारखी सिलिंडर खरवडते. दाब कमी होतो, दोरी ओढूनही एंजिन सुरू होत नाही, आणि दोष मात्र कंपनीच्या नावावर जमा होतो.

काही यंत्रांवरील चिठ्ठीत तासांचा आकडा दिलेला असतो. अमेरिकन नियमांप्रमाणे हातयंत्रांसाठी तो ५०, १२५ किंवा ३०० असतो. ग्राहक त्याला एंजिनाचे आयुष्य समजतो. वस्तुतः तेवढ्या वापरापर्यंत धुराचे प्रमाण मर्यादेत राहील, एवढीच ती हमी आहे. तरीही ३०० तासांचे एंजिन सामान्यतः अधिक भक्कम घडवलेले असते, हे तारतम्याने ध्यानी घ्यावे.

तुलनेसाठी खरी गरज आहे ती एका वहीची. कडकोळच्या एखाद्या बागेत यंत्र सुरू केल्याची व थांबवल्याची वेळ, घातलेले तेल, गाळणी धुतल्याचा दिवस, बिघाडाचे कारण आणि यंत्र किती दिवस बंद होते, एवढेच दोन हंगाम लिहून ठेवले, आणि पाच-सहा शेजाऱ्यांनी तशाच वह्या ठेवल्या, तर पुढचे यंत्र विकत घेताना त्या बागाईतदारांजवळ असे आकडे असतील, जे दुकानदाराजवळ नसतात.