तेलाची बाटली बाजूला ठेव

तेलाची बाटली आधी बाजूला ठेव, मग बोलू. घोडीच्या पुढच्या खुरांना उभ्या भेगा पडल्यात आणि तू सकाळ-संध्याकाळ तेल चोळतेयस. माया कळते गं तुझी. पण खुराला लागणारा ओलावा मुख्यतः आतून, रक्तातून येतो. तेलाने वर तकाकी येते, भेग असते तिथेच राहते. आणि खाली नेरळच्या गॅरेजमधून कुणी काळं ऑइल आणून दिलं, तर ते खुराला मुळीच लावायचं नाही.

माथेरानात हे पावसाळा संपल्यावरच का दिसतं, ते बघ. चार महिने पाऊस आणि लाल चिखल, खूर भिजून मऊ पडलेले. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, जांभ्याच्या वाटा कडक होतात आणि नेमका तेव्हाच दिवाळीचा सीझन. भिजलेला खूर फुगतो, वाळला की आकसतो. हे पुन्हा पुन्हा झालं की कवच चिरतं. त्यात आपणच भर घालतो, प्रत्येक फेरीनंतर पायांवर पाणी मारून तिला उन्हात उभं करतो. त्यापेक्षा माती कोरड्या ब्रशने झाड. धुवायचं ते दिवसातून एकदा, आणि लगेच फडक्याने टिपून घे. तेल हवंच असेल तर पावसाळ्यात, चिखलात उतरण्याआधी, अगदी पातळ हाताने.

तबेल्यातली जमीनही बघ. लीद आणि मूत साचलं की त्यातल्या अमोनियाने खूर कमकुवत होतो. रोज रात्री चारही पाय उचलून, टाचेकडून पुढे, तळवा आकड्याने साफ कर. मधल्या मऊ त्रिकोणाजवळच्या खाचेत काळं, घाण वासाचं काही दिसलं तर ती सड असते, वेळीच डॉक्टरांना दाखव.

आता नालबंद. नाल झिजली नाही म्हणून तू त्याला लांबवतेस, बरोबर ना? नाल टिकते, पण खूर वाढतच असतो. पुढून लांबला की प्रत्येक पावलाला भेग उघडते. 6 ते 8 आठवड्यांनी बोलवायचंच, सीझन असो वा नसो. तो कानस घेऊन खुराचा बाहेरचा भाग वरपासून खालपर्यंत घासून गुळगुळीत करायला लागला, तर थांबव. दिसायला छान दिसतं, पण खुराचं वरचं राखणारं आवरण त्यात निघून जातं. "तुला काय कळतंय पोरी" म्हणेल. म्हणू दे. घोडी तुझी आहे.

चिरलेला भाग परत सांधला जात नाही. आपल्या नखासारखंच, तो खाली सरकतो आणि शेवटी कापला जातो. खूर महिन्याला जेमतेम 1 सेंटीमीटर वाढतो. पुढची बाजू वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवी यायला 9 ते 12 महिने लागतात. तेव्हा आठवड्याभरात फरक दिसत नाही म्हणून रडायचं नाही.

खाण्याचा परिणामही असाच सावकाश दिसतो. नुसत्या हरभरा-कोंड्यावर भागत नाही, चांगला चारा हवा. बायोटिन साधारण 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम देतात. आपल्याकडचे घोडे लहान चणीचे, तेव्हा मात्रा डॉक्टरच ठरवतील. दोन-तीन पावडरी एकत्र मात्र करू नकोस. सेलेनियम जास्त झालं तरी खूर फुटतात, आयाळ-शेपटीचे केसही गळतात.

आणि हे नीट लक्षात ठेव. खालून वर जाणारी बारीक रेघ असेल तर धीर धर. पण भेग केस संपतात त्या कडेपासून सुरू होत असेल, रक्त येत असेल, किंवा घोडी पाय टेकत नसेल, तर त्या दिवशी फेरी बंद. खूर गरम लागला, घोट्याच्या मागे नाडी जोरात उडाली, ती टाचांवर भार देऊन मागे रेलून उभी राहिली, तरी तेच. गिऱ्हाईक दुप्पट पैसे देत असलं तरी. घरात हप्ता भरायचाय हे मला ठाऊक आहे, पण लंगडी घोडी कामाला लावलीस तर पुढचा अख्खा सीझन जाईल, आणि दुखणं तिला सोसावं लागेल.

उद्या सकाळी चारही खुरांचे समोरून फोटो काढ, भेगेचं वरचं टोक जिथे आहे तिथे कानशीने हलकीशी खूण करून घे नालबंदाकडून. महिन्याने भेग त्या खुणेच्या वर गेली असेल तर मला फोन कर, आपण डॉक्टरांना वर बोलावू.