आगगाडीचा सिग्नल व आमचा प्रयोग

नरडाण्याच्या स्टेशनावर उभे राहिले म्हणजे सुरत-भुसावळ मार्गावरील गाड्या धडधडत जाताना दिसतात. तापीच्या खोऱ्यातील हा मार्ग पुष्कळ वर्षे एकेरी होता. आता तो दुहेरी झाला आहे. एकाच रुळावरून पाठोपाठ धावणाऱ्या गाड्या परस्परांवर आदळत कशा नाहीत, असा प्रश्न आम्हा विद्यार्थ्यांस पडला. त्याचे उत्तर एक लहानसा नमुना करून शोधावे, असे आम्ही ठरविले.

मूळ नियम साधा आहे. मार्गाचे भाग पाडावयाचे व एका भागात एका वेळी एकच गाडी येऊ द्यावयाची. या नियमाचे मोल मात्र जगाने प्राण देऊन मोजले आहे. 12 जून 1889 रोजी आयर्लंडातील आर्मा गावाजवळ संडे स्कूलच्या सहलीची गाडी चढावावर अडकली. तिचे सोडविलेले मागील डबे उतारावरून घरंगळले आणि केवळ काही मिनिटांचे अंतर ठेवून मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. 80 माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने वरील नियम कायद्याने सक्तीचा केला.

आता आमच्या नमुन्याकडे वळू. एका फळीवर आम्ही पत्र्याच्या दोन पट्ट्या रुळांप्रमाणे ठोकल्या. धातूच्या चाकांची गाडी त्यांवर आली म्हणजे दोन्ही पट्ट्या जोडल्या जाऊन विद्युत्प्रवाह वाहावा, हिरवा दिवा विझावा व तांबडा लागावा, अशी योजना केली. ती उत्तम चालली. आम्ही हर्षभरित झालो.

तेव्हा आमच्या शिक्षकांनी काही न बोलता एक तार सोडली. गाडी रुळावर उभी होती, तरी दिवा हिरवाच राहिला. आणि मागून ढकललेली दुसरी गाडी तिच्यावर आदळली! आमची मान खाली गेली.

मग आम्ही योजना उलट केली. पट्ट्यांतून मंद प्रवाह सदैव वाहता ठेवला. बॅटरी एका टोकास व विद्युच्चुंबक दुसऱ्या टोकास बसविला, आणि दिव्यांस निराळी बॅटरी दिली. चुंबकात प्रवाह असेल तोवरच हिरवा दिवा जळे. गाडी आली की प्रवाह तिच्या चाकांतून व आसातून जवळच्या वाटेने परते, चुंबक दुबळा होई व तांबडा दिवा लागे. आता तार तुटो की बॅटरी संपो, उत्तर एकच : थांबा. रुळांतील ही योजना अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 साली पेटंट घेऊन प्रचारात आणली. जुन्या सिग्नलाच्या हातातही हेच तत्त्व होते. तार तुटली तर वजनाच्या योगाने तो आडवा होऊन धोका दाखवी. आणि दिवाच विझलेला असेल तर? तोही थांबण्याचाच हुकूम समजावा, असा रेल्वेचा नियम आहे.

यंत्र कधी बिघडणारच नाही, अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही. परंतु बिघडले तरी त्याने खोटा दिलासा देऊ नये, एवढी काळजी मनुष्य घेऊ शकतो. हाच आमच्या प्रयोगाचा धडा होय. मात्र ही सारी व्यवस्था एका गाडीपासून दुसरीचे रक्षण करते; बंद फाटकाखालून वाकून जाणाऱ्याचे रक्षण तिच्याने होत नाही. तेथे आपणच आपला तांबडा दिवा व्हावयाचे असते.